पणजीचं नाव लेकीला ठेवायचंय, पण घरात कुणालाच पटत नाहीये

पत्र : ताई, नमस्कार. मी पिंपळे सौदागरला राहते, आयटीत आहे, सध्या मॅटर्निटी लीव्हवर. लेक पाच आठवड्यांची झाली आणि अजून बारसं झालेलं नाहीये, कारण नावावरून घरात वाद चाललाय. बाळंतपणाआधी माहेरी गेले होते तेव्हा आईने माळा आवरायला काढला होता, त्यात पितळेचं एक घंगाळ निघालं, काठावर ठोक्याठोक्यांनी नाव घातलेलं, ‘आवडी’. आई म्हणाली ते तिच्या आजीचं माहेरचं नाव, सासरी ती लक्ष्मीबाई. मी तेव्हाच मनात ठरवलं की मुलगी झाली तर आवडी. आता नवरा म्हणतो शाळेत पोरं तिला ऑडी म्हणून चिडवतील, आणि दोनेक वर्षांत आमचं जर्मनीला जायचं चाललंय, तिथे तर विचारायलाच नको. सासूबाई म्हणाल्या हे कामवाल्या बायकांचं नाव वाटतं. नणंदेने अन्वी ठरवून ठेवलंय आणि नाव ठेवायचा मान आत्याचा म्हणून सगळे तिच्या बाजूने. हॉस्पिटलमधून नाव कळवा म्हणून तीनदा फोन आला. मी एकटी पडलेय. हट्ट धरू की सोडून देऊ? आणि हे नाहीच जमलं तर असंच एखादं जुनं, कुणाचं नसलेलं नाव सुचवाल का? – एक आई, पुणे

उत्तर :

अगं आधी तुझं आणि तुझ्या लेकीचं मनापासून अभिनंदन. पाच आठवड्यांच्या बाळाला घेऊन, झोप नाही काही नाही, त्यात हे पत्र तू बसून लिहिलंस म्हणजे ही गोष्ट तुझ्या किती आत गेलीये ते कळतंय मला.

आधी त्या हॉस्पिटलच्या फोनचं बघू, कारण सगळ्यांच्या डोक्यावर घाई बसलीये ती त्या फोनमुळे. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते, ती हॉस्पिटल करतंच, पण त्या नोंदीत बाळाचं नाव असलंच पाहिजे असं काही नाही. नावाचा रकाना रिकामा ठेवून नोंद होते, आणि नोंदणी झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात जाऊन नाव घालता येतं, त्याला विलंब शुल्कही लागत नाही. त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येतं. उलट एकदा घातलेलं नाव बदलायला गेलीस की मग राजपत्रात प्रसिद्धी आणि बाकीच्या खेपा, आणि तुझ्या लेकीच्या बाबतीत तर हा दाखला फार महत्त्वाचा आहे, कारण 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळा, पासपोर्ट, आधार सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच लागतो. तेव्हा हॉस्पिटलला शांतपणे सांग, नाव नंतर घालणार आहोत, आणि 21 दिवस तर कधीच उलटलेत, म्हणून नोंद झालीये ना तेवढं विचारून घे. पासपोर्ट काढायच्या आत नाव घातलेलं असलं की झालं. तुमच्याकडे महिने आहेत गं, दिवस नाहीत.

आता नावाचं. मला विचारशील तर ठेव. आवडी ठेव. पण ‘मला ते जुनं, व्हिंटेज, क्यूट वाटतं’ एवढ्याच कारणाने ठेवणार असशील तर नको ठेवूस, कारण तेवढ्या कारणावर तू घरात सहा महिने टिकणार नाहीस आणि लेक पंधरा वर्षांची झाल्यावर तिने विचारलं की माझंच नाव असं का तर तुझ्याकडे सांगायला काही नसेल. तुझ्या पत्रात मात्र ते घंगाळ आहे, आणि त्यात तू लिहिलंयस त्याच्यापेक्षा बरंच जास्त आहे.

बघ ना, ते भांडं तुझ्या आईच्या आजीचं, म्हणजे पणजीकडून आजीकडे, आजीकडून तुझ्या आईकडे, बाईकडून बाईकडे आलंय. सातबाऱ्यावर नाही, वंशावळीत नाही (आपल्या बहुतेक वंशावळींत बायकांची नावंच नसतात, नुसते बाप आणि मुलगे), पितळेच्या काठावर ते नाव राहिलं. आणि माहेरचं नाव घातलंय म्हणजे ते माहेरून आलेलं, बहुतेक रुखवतातलं. लग्न झालं की पोरीचं नाव बदलणार हे तिच्या वडिलांना माहीत असणारच ना, त्या काळी बहुतेक घरांत नाव बदलायचंच म्हण ना, तरी त्यांनी भांडी घेताना त्या माणसाला सांगितलं की आवडी घाल. आणि त्याने छिन्नी धरून एकेक ठोका मारत घातलं. आत्ताच्या मशीनने नाव घालतात ते कसं गुळगुळीत रेघेसारखं येतं, जुन्या भांड्यावरचं अक्षर म्हणजे शेजारी शेजारी बारीक खळगे असतात, बोट फिरवलं की लागतात. पुढच्या वेळी माहेरी जाशील तेव्हा लेकीचं बोट धरून फिरव त्याच्यावरून.

मला माझ्या आजीची आठवण आली म्हणून सांगते. आमची आजी, वडिलांची आई, घरात दारात सगळीकडे सुशीलाबाई. मी नऊ वर्षांची असेन, एकदा दुपारी तिचा धाकटा भाऊ आला, कोकणातून, आधी पत्र नाही काही नाही, आणि ओटीवरूनच ओरडला, ‘ठमे, आहेस का गं घरात?’ आम्ही पोरं एकमेकांकडे बघतोय की हे कुणाला हाक मारतायत, आणि आतून आजी आली ती धावत, हाताला पीठ, पदर कुठेय त्याचं भान नाही. मी आजीला धावताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. रात्री तिला विचारलं, ठमी कोण? म्हणाली, अगं मीच की. आमच्या घरात चाळीस-पन्नास वर्षं राहिलेल्या बाईचं हे नाव तिच्या सख्ख्या मुलालाही नीट माहीत नव्हतं. मामाआजोबा गेले आणि त्या नावाने हाक मारणारं कुणी राहिलं नाही.

हे फक्त आपल्या आज्यांचं नाही. डॉक्टर आनंदीबाई जोशी आपल्याला आनंदी म्हणून माहीत, 1886 मध्ये अमेरिकेत जाऊन एमडी झालेल्या, पण माहेरी त्यांचं नाव यमुना. रमाबाई रानडे, माहेरच्या कुर्लेकर, त्याही यमुनाच. एकाच काळातल्या दोन यमुना आणि दोघींचीही ती नावं लग्नात गेली. महर्षी कर्व्यांनी 1893 मध्ये पुनर्विवाह केला त्या गोदूबाई, त्यांचं नाव झालं आनंदी, आणि पुढे सगळे म्हणायला लागले बाया. म्हणजे जुनी नावं ‘फॅशन गेली’ म्हणून गेली हे अर्धंच खरं आहे, कितीतरी नावं तबकातल्या तांदळात गेली. लक्ष्मीपूजनाला तबकात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी वाकून वाचायचं, पेढे वाटायचे, आणि मग ते तांदूळ भरून ठेवायचे. ज्या पोरीला वीस वर्षं एका नावाने हाक मारली तिचं ते नाव एका संध्याकाळीत संपायचं.

आणि म्हणून मला तुझ्या सासूबाईंशी बोलायचंय, म्हणजे तू बोलायचंस. त्यांना एकटं गाठ, मुलगा नको, मुलगी नको समोर. बाळाला तेल लावताना वगैरे छान वेळ असते. आणि आवडी हा विषयच काढू नकोस. त्यांना विचार, आई, तुमचं लग्नाआधीचं नाव काय होतं? कोण हाक मारायचं त्या नावाने? आत्ता कोण मारतं? तू त्यांच्या वयाचं लिहिलं नाहीस, पण पाच आठवड्यांच्या नातीची आजी म्हणजे साठीच्या आसपास असणार, त्यांच्या पिढीत नाव बदलणं सर्रास होतं. कदाचित बदललं नसेलही, तर त्यांच्या आईचं विचार. मी तुला खात्री देऊ शकत नाही की त्या विरघळतील आणि म्हणतील ठेव बाई आवडी, पण तू कशासाठी हे नाव धरून बसलीयेस हे त्यांना दुसऱ्या कुठल्याही मार्गाने कळणार नाही. आत्ता त्यांना वाटतंय सुनेला काहीतरी हटके करायचंय.

‘कामवाल्या बायकांचं नाव’ ह्याबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचंय, कारण असं बोलणाऱ्या त्या एकट्या नाहीत, मी हे चांगल्या शिकलेल्या घरांतून ऐकलंय. दोन-तीन पिढ्यांमागे भागीरथी, सखू, आवडी, ठकू, सगुणा, हौसा ही नावं सगळ्या घरांत होती, वाड्यात होती आणि वाडीतही होती. शहरातल्या, शिकलेल्या घरांनी आधी मालती-शालिनी-कुसुम घेतली, मग सुनीता-संगीता-सुरेखा, मग प्रियांका-स्नेहा, आणि आता अन्वी-सान्वी. ज्यांनी आपल्या आजीचं नाव नातीला ठेवायची रीत सोडली नाही त्यांच्याकडे ती जुनी नावं टिकली, शेतात राबणाऱ्या घरांत, बांधकामावर जाणाऱ्या घरांत. आणि मग आपण त्या नावाकडे बघून म्हणायला लागलो की हे त्यांचं. नाव हलकं कधीच नव्हतं, आपण ते ज्यांच्या तोंडी ऐकतो त्यांना आपण हलकं समजतो, आणि ते चूक आहे, सासूबाईंनी म्हटलं तरी चूक आहे. हे त्यांना ह्या शब्दांत सांगू नकोस, पण तुझ्या मनात पक्कं असू दे.

ह्याची दुसरी बाजूही बघ. आमच्याकडे स्वयंपाकाला ज्या मावशी येतात त्यांचं नाव सखू. त्यांच्या नातीचं नाव त्यांनी हौसेने अनन्या ठेवलं. मी एकदा म्हटलं, मावशी, तुमचं नाव किती गोड आहे, नातीला का नाही ठेवलंत? तर म्हणाल्या, ताई, आमच्या नावावरून आम्हाला हसलेत लोक, तिला कशाला. त्या दिवशी मला बोलायला सुचेना. ज्या नावावरून एका बाईला खाली बघावं लागलं तेच नाव आपण ‘युनिक’ म्हणून मिरवायला घेतो तेव्हा थोडं भान हवं. तू इन्स्टावर टाकायला नाव शोधत नाहीयेस, तुझ्या घरातल्या बाईचं नाव परत आणतेयस, म्हणून मी तुझ्या बाजूची आहे.

जुनं नाव घेताना त्याचा अर्थही बघायला लागतो, सगळीच जुनी नावं प्रेमाने ठेवलेली नव्हती. चिंधी, धोंडी, दगडी, नकुशी. काही नावं दृष्ट लागू नये, पोर जगावं म्हणून ठेवलेली, ते समजू शकतं, पण नकुशी म्हणजे सरळ नकोशी, परत मुलगीच झाली म्हणून. सिंधुताई सपकाळांचं लहानपणीचं नाव चिंधी होतं, 1948 चा जन्म त्यांचा. आणि हे फार जुनंही नाही बरं का, 2011 साली सातारा जिल्ह्यात नकुशी नावाच्या दोनशेहून जास्त मुलींची नावं जाहीर कार्यक्रम घेऊन बदलली, त्यात शाळेत जाणाऱ्या मुलीही होत्या. आता ह्याच्या शेजारी तुझ्या पणजीचं नाव ठेवून बघ. ज्या दिवसांत मुलगी झाली की घरात तोंडं पडायची त्या दिवसांत कुणीतरी पोरीला मांडीवर घेऊन म्हटलं, ही आवडी. आवडलेली, आवडती. संतांच्या बोलीत तर आवडी म्हणजे देवावरचं प्रेम. नवऱ्याला हे सांगितलंयस का गं? की तो नुसता आवाज ऐकतोय आणि त्याला फक्त गाडी दिसतेय?

बरं, त्या गाडीचं. त्याची भीती खोटी नाही, तू ती उडवून लावू नकोस. पोरं ऑडी म्हणणारच. आवड-निवड म्हणतील, आवडीची भाजी म्हणतील. पोरं कुणाला सोडत नाहीत, साध्यासुध्या नावांचीही वाट लावतात, आणि ऑडी हे चिडवणं त्यातल्या त्यात सोसण्यासारखं आहे, त्यात घाण अर्थ नाही, अंगावरून रंगावरून काही नाही. मी नावाला नाही म्हणते ते चिडवण्यात असला ओंगळ अर्थ निघत असेल तर, किंवा परक्या भाषेत भलताच शब्द होत असेल तर. जर्मनीत ते ‘ड’ ला ‘द’ म्हणतील, आवदी, आवादी असं काहीतरी. तिला आयुष्यभर एकदा सांगायला लागेल की असं नाही, असं. हे ओझं आहे आणि ते तिच्यावर पडणार आहे हे तू मान्य करून मगच ठेव, म्हणजे पुढे ती वैतागून आली तर तू तिच्यावर चिडणार नाहीस. पण जान्हवी, ऋजुता, ज्ञानदा नावाच्या आपल्या मुली तिकडे नोकऱ्या करतायतच की, आणि अन्वीलाही ते तिकडे नीट म्हणतील ह्याची काय खात्री.

स्पेलिंग मात्र आत्ताच ठरवा, आणि इंग्रजीत लिहून बघा कसं दिसतंय. व नंतरचा ए गाळलात तर ते डोळ्यांना सरळ ऑडीच दिसतं, तो ठेवा. सुरुवातीला एकच ए ठेवलात तर चेन्नईजवळच्या आवडी गावाचं स्पेलिंग होतं, काही बिघडत नाही, पण मी दोन ए घालीन, ‘आ’ लांब आहे हे कळतं. जे ठरेल ते एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवा आणि जन्मदाखला, आधार, पासपोर्ट सगळीकडे अक्षर न् अक्षर तेच. माझ्या आत्याच्या चार कागदांवर चार नावं होती, शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर एक, बँकेत सासरचं, पेन्शनच्या कागदावर त्याचंही चुकीचं स्पेलिंग, आणि नवरा गेल्यावर एका ऑफिसात तिला सात महिने हेलपाटे घालायला लागले, चौघी एकच बाई आहे हे सिद्ध करायला. सत्तरीची बाई. प्रतिज्ञापत्र करताना ती मला म्हणाली, ह्यातली मी नक्की कोण तेच मला आठवेना आता. म्हणून ‘कागदावर अन्वी आणि घरात आवडी’ असा मध्यममार्ग कुणी सुचवला तर मला तो मान्य नाही. लाडाने हाक काहीही मारा, पण तुला जे नाव द्यायचंय ते कागदावर जाऊ दे. भांड्यावर राहिलेलं नाव परत घरातल्या घरातच कोंडायचं तर एवढा खटाटोप कशाला?

आणि कागदावरून आठवलं, महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचं नाव शाळेच्या, परीक्षेच्या, महसुली कागदांवर लिहिताना आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असं लिहायचं ठरलंय. म्हणजे आवडीच्या लगेच पुढे तुझं नाव येणार. सलग मोठ्याने म्हणून बघ, हाक मारल्यासारखं, शाळेत हजेरी घेतल्यासारखं, एअरपोर्टवर अनाउन्स केल्यासारखं. मला तर पणजीचं नाव आणि त्याला लागून आईचं नाव ही कल्पनाच इतकी आवडली की काय सांगू.

नणंदेचं दुखणं वेगळं आहे, तिला मान हवाय, आणि तो तिला मिळालाच पाहिजे. आपल्याकडे ह्याला जागा आधीपासून आहे बघ. शास्त्रात नामकरणाला एकच नाव सांगितलेलं नाही, कुलदेवतेवरून एक, महिन्यावरून एक, नक्षत्रावरून एक आणि व्यवहाराचं एक, अशी चार नावं सांगितलीयेत. नक्षत्राचं म्हणजे आपण नावरस नाव म्हणतो ते, 27 नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, त्यातून येणारं अक्षर. सासूबाईंना राशीचं अक्षर सांभाळायचं असेल तर ते पाळण्यातलं नाव म्हणून ठेवा, कुणाचं काही जात नाही. आणि अन्वी हेही पाळण्यातलं एक नाव होऊ दे. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ झाल्यावर बाळाच्या कानात कुर्रर्र आत्याच करणार, पाठीत धपाटे तीच खाणार, आणि आवडी हे नाव पहिल्यांदा बाळाच्या कानात तिच्याच तोंडून पडू दे. पण त्यासाठी बारशाआधी आठ दिवस तिला फोन कर, स्वतः कर, नवऱ्याकडून निरोप नको, आणि सांग की हे असं असं घंगाळ आहे, हे माझ्या पणजीचं नाव आहे, आणि मला ते तुमच्या तोंडून ठेवायचंय. अन्वीमध्ये वाईट काहीच नाही हेही सांग, कारण खरंच नाहीये. तिने तेही प्रेमानेच शोधलंय.

पण हे सगळं नवऱ्याचं पटल्यावर. तो बाजूला नसेल तर कुणाशीच बोलायला जाऊ नकोस, कारण मग ते नाव बाळाचं न राहता तुझ्या आणि सासरच्या भांडणाचं नाव होईल आणि पोरीला ते आयुष्यभर ऐकायला लागेल, ‘तुझ्या आईने हट्टाने ठेवलं’. त्याला म्हण, पंधरा दिवस आपण दोघांनीच, खोलीत, बाळाला ह्याच नावाने हाक मारायची, लंगोट बदलताना, रात्री तीनला रडते तेव्हा, सगळं. आवडे, आवडू, काय जमेल ते. पंधरा दिवसांनी तो म्हणाला की नाही, मला तोंडात बसत नाही, तर त्याचं ऐक, कारण नाव दोघांनी मारायचंय. मला मात्र वाटतंय तो आठ दिवसांतच म्हणायला लागेल. रात्री तीन वाजता नाव तोंडात बसतं गं, माझ्या दोन्ही मुलांचं तसंच बसलं.

नाहीच झालं तर दुसरी नावं विचारलीयेस. सई, मुक्ता, रमा, जिजा ही छान आहेत पण आता भरपूर आहेत, वर्गात दोन तरी निघतील. गोदा मला फार आवडतं, नाशिककडचं कुणी घरात असेल तर अजूनच, म्हणायला सोपं, आणि दक्षिणेत आंडाळचं एक नाव गोदा आहे त्यामुळे तिकडेही परकं वाटत नाही. वेणा, समर्थ रामदासांची शिष्या, मिरजेच्या मठात राहून कीर्तन करणारी, त्या काळात विधवा बाईने कीर्तन करायचं म्हणजे काय हिंमत लागत असेल. राणू, शिवाजी महाराजांच्या लेकीचं नाव, ऐकायला अगदी आजचं वाटतं. राजाई आणि लिंबाई, नामदेवांच्या घरातल्या, बायको आणि लेक. महदंबा जरा जड आहे पण मराठीतली पहिली कवयित्री आहे ती, आणि घरात महदू म्हणता येतं. येसू मी सुचवत नाही, कितीही मोठं नाव असलं तरी ते ऐकणारा येशू ऐकतो, आणि कृष्णा हे नदीचं नाव आपल्याला बाईचं वाटतं पण महाराष्ट्राबाहेर गेलं की सगळे मुलगा समजतात. ह्या सगळ्या मोठ्या बायका आहेत, पण खरं सांगते, ह्यातल्या कुणाचंही भांडं तुझ्या माळ्यावर नाहीये.

त्या घंगाळाचं मात्र एक काम कर. ते चिंचेने घासून घे, लखलखीत नको, अक्षरं झिजतील इतकं तर नकोच, आणि बाळाची अंघोळ एकदा तरी त्यातल्या पाण्याने होऊ दे. आणि आईला विचारून घे, पणजी कुठली, किती भावंडं, कशी होती, काय यायचं तिला, कशाला हसायची, भांडकुदळ होती का (असली तर तेही लिही). आई सांगेल ते फोनवर रेकॉर्ड करून ठेव. आईची मावशी, मामा कुणी असतील तर त्यांनाही आत्ताच फोन कर, हे सांगणारी माणसं वर्षागणिक कमी होत जातात. लेकीने विचारलं की माझं नाव असं का, तर तिला ऐकवायला तुझ्या आईचा आवाज असू दे.

आणि बारशाला कुणीतरी चांदीची वाटी-चमचा आणणारच, त्यावर नाव घालून आणायला सांगशील तेव्हा फोनवर सांगू नकोस, चिठ्ठीवर देवनागरीत लिहून दे. व ला काना नाही, ड ला दुसरी वेलांटी. दुकानदार ‘आवाडी’ करतात.